सॉफ्टवेअर संरचनेतील बदलांचे अभिलेखन

सॉफ्टवेअर संरचनेतील बदलांचे अभिलेखन : मोठ्या संगणकीय आज्ञावलीच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, मूळ मांडणीत वेळोवेळी जे बदल केले जातात ते कोणते, कोणत्या कारणांसाठी व कोणत्या गृहीतांवर केले यांची व्यवस्थित नोंद ठेवणे आणि ती नोंद संबंधितांपर्यंत पोहोचविणे, या कार्यास ही संज्ञा लावतात. नोंद ठेवणे व ती पोहोचविणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले पार पडले म्हणजे दुसरे आपोआप साधते, असे नाही. या क्षेत्रातील काही गाजलेल्या अपघातांत नोंद अस्तित्वात होती. ती जेथे वाचली जावयास हवी होती तेथे मात्र ती पोहोचली नव्हती.

संरचना व तिची कारणे : आज्ञावली लहान असते तेव्हा ती एका व्यक्तीच्या डोक्यात मावते आणि वेगळ्या नोंदीची गरज फारशी भासत नाही. बँका, रेल्वेचे आरक्षण, दूरध्वनी विनिमयकेंद्रे, विमाने यांसाठी लागणाऱ्या आज्ञावल्या लक्षावधी ओळींच्या असतात व त्यांवर शेकडो माणसे अनेक वर्षे काम करतात. अशी आज्ञावली घटकांत विभागतात. कोणता घटक काय करील, घटकांमधील देवाणघेवाण कोणत्या रीतीने होईल, माहिती कोठे साठविली जाईल आणि एक घटक बंद पडल्यास बाकीचे काय करतील, यांसंबंधीच्या मूलभूत निर्णयांच्या समुच्चयास संरचना म्हणतात. ड्यूएन पेरी व अलेक्झांडर वुल्फ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात संरचनेची तीन अंगे सांगितली : घटक, त्यांची रचना आणि त्या रचनेमागील कारणमीमांसा. तिसऱ्या अंगाचा समावेश महत्त्वाचा आहे, कारण पहिली दोन अंगे प्रयत्नाने का होईना प्रत्यक्ष आज्ञांवरून वाचून काढता येतात. तिसरे तसे काढता येत नाही. एखादी माहिती दोन ठिकाणी का साठविली आहे, अमुक तपासणी मुद्दाम गाळली आहे की विसरली आहे, दुसरा कोणता मार्ग विचारात घेऊन टाकून दिला होता, या प्रश्नांची उत्तरे आज्ञांत नसतात.

इमारतीशी तुलना येथे थोडी उपयोगी पडते व थोडी फसवी ठरते. जुन्या वाड्यातील कोणती भिंत भार वाहते हे जाणता गवंडी तुळया पाहून किंवा भिंत ठोकून सांगू शकतो. आज्ञावलीत भार वाहणारी ओळ व निरुपयोगी झालेली ओळ या दिसावयास सारख्याच असतात. त्यामुळे नंतर आलेल्या माणसापुढे दोनच पर्याय उरतात : भीतीने कशालाही हात न लावणे किंवा धैर्याने हात लावून परिणाम भोगणे. पेरी व वुल्फ यांनी याच लेखात संरचनेच्या दोन व्याधी वेगळ्या केल्या आहेत. मूळ नियम मोडून केलेल्या दुरुस्त्यांमुळे होते ती धूप. नियम प्रत्यक्ष न मोडता, पण ते ठाऊक नसल्यामुळे, मांडणी हळूहळू दुसरीकडे सरकत जाते ते भरकटणे. दुसरी व्याधी उशिरा ध्यानात येते.

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर (१९२८–२०१६) यांनी १९८५ मध्ये मांडलेले मत याहून टोकाचे आहे. आज्ञावली रचणे म्हणजे मुख्यतः त्या विषयाविषयीचा एक सिद्धांत रचनाकारांच्या मनात उभा राहणे होय; आज्ञा व कागदपत्रे ही त्याची केवळ बाह्य अंगे असून, रचनाकारांचा गट पांगला की आज्ञावली एका अर्थी मृत होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. नाउर यांचे म्हणणे पूर्णपणे खोडून काढता येत नाही. तथापि त्यावरून लेखन व्यर्थ आहे असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. त्यावरून एवढेच निष्पन्न होते की, लिहावयाचेच असेल तर ज्यामुळे तो सिद्धांत पुन्हा उभारता येईल ते, म्हणजे कारणे व गृहीते, प्रथम लिहावे.

ओएस/३६० चा अनुभव : प्रचंड आज्ञावलीतील बदल सर्वांना कळविण्याचा प्रश्न प्रथम तीव्रतेने उभा राहिला तो आयबीएम कंपनीच्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेसाठी तयार केलेल्या ओएस/३६० या कार्यकारी प्रणालीच्या वेळी. ही संगणकमालिका एप्रिल १९६४ मध्ये जाहीर झाली. प्रणालीच्या विकसनाचे नेतृत्व करणारे फ्रेडरिक ब्रुक्स (१९३१–२०२२) यांनी द मिथिकल मॅन-मंथ (१९७५) या ग्रंथात तो अनुभव नोंदविला आहे. प्रकल्पातील प्रत्येक आज्ञावलीकाराने संपूर्ण प्रणालीची सर्व कागदपत्रे पहावीत, या धोरणानुसार प्रत्येकाच्या हाताशी सुट्या पानांची एक कार्यपुस्तिका ठेवलेली असे. सहा महिन्यांच्या आत तिची जाडी सु. पाच फूट झाली. रोज सरासरी १५० बदललेली पाने येत व ती जुनी पाने काढून त्यांच्या जागी लावावी लागत. या कामातच दिवसाचा बराच वेळ जाऊ लागल्याने अखेर कागदाऐवजी सूक्ष्मचित्रपत्रे वापरण्यात आली. त्यामुळे खर्च व जागा यांची मोठी बचत झाली, परंतु एक अनपेक्षित तोटाही झाला. पाने हाताने लावताना ती निदान नजरेखालून जात. नव्या पद्धतीत बदललेला मजकूर न वाचताच संग्रहात जाऊन पडू लागला. म्हणून बदललेल्या ओळींपुढे समासात रेघ ओढणे आणि झालेल्या बदलांचा दिनांकवार, सर्वांत नवा बदल सर्वांत वर अशा क्रमाचा, गोषवारा स्वतंत्रपणे कागदावर देणे आवश्यक ठरले. आजही बहुतेक आज्ञावल्यांबरोबर येणाऱ्या बदलसूचीत हाच उलटा क्रम आढळतो.

सर्वांना सर्व कळविणे योग्य आहे काय, हा प्रश्न डेव्हिड पार्नास यांनी याच सुमारास उपस्थित केला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी असे दाखवून दिले की, आज्ञावलीचे विभाजन कामाच्या क्रमानुसार न करता, जे निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे त्यांपैकी एकेक निर्णय एकेका घटकात दडवून ठेवावा. मग तो निर्णय बदलला तरी बाकीच्या घटकांना त्याची वार्ताही लागत नाही. इतर घटकांच्या रचनाकारांना त्या घटकाशी व्यवहार कसा करावयाचा एवढेच कळावे, त्याच्या अंतरंगाचे दर्शन त्यांना घडू नये. ब्रुक्स यांनी आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत हा विचार अनर्थकारक ठरविला होता. १९९५ च्या विसाव्या वर्धापनाच्या आवृत्तीत पार्नास यांचेच बरोबर होते, असे त्यांनी स्वच्छपणे लिहिले. या वादाचे फलित असे की, बदल कळविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे तो कळविण्याची गरजच पडू नये अशी मांडणी करणे. मात्र दडविलेला निर्णय कोठे दडविला आहे हे कोठे तरी लिहिलेले असावे लागते. अमेरिकी नौदलाच्या ए-७ या विमानावरील आज्ञावलीची नव्याने मांडणी करताना पार्नास व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी घटकदर्शिका तयार केली. प्रत्येक घटकाचे ‘गुपित’ कोणते, हे तीत सांगितलेले असे. बदल करू इच्छिणाऱ्याला कोणता घटक उघडावा हे त्यावरून कळे.

पार्नास व पॉल क्लेमंट्स यांच्या १९८६ च्या लेखातील एक सूचना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. प्रत्यक्षात रचना कधीच सरळ क्रमाने होत नाही. चुकतमाकत, मागे वळत होते. तरीही कागदपत्रे मात्र ती जणू सुसंगत क्रमाने झाली अशा रीतीने लिहावीत, असे ते सुचवितात. गणितज्ञ सिद्धता मांडतो तेव्हा तोही आपली भटकंती सांगत नाही. मात्र जे पर्याय विचारात घेऊन नाकारले ते आणि नाकारण्याची कारणे यांची नोंद ठेवावी, असा त्यांचा आग्रह आहे. एरवी नंतर येणारा प्रत्येकजण तेच पर्याय पुन्हा शोधून काढतो.

एरियान ५ चा अपघात : अभिलेखनातील उणीव किती महाग पडू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथे घडले. एरियान ५ या यूरोपीय अग्निबाणाचे पहिलेच उड्डाण होते. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सु. ४० सेकंदांनी, सु. ३,७०० मी. उंचीवर, अग्निबाण एकाएकी मार्गावरून वळला, मोडू लागला व स्फोट होऊन नष्ट झाला. त्याबरोबर पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या अभ्यासासाठी पाठविलेले क्लस्टर मालिकेचे चार उपग्रहही गेले. फ्रेंच गणितज्ञ झाक-ल्वी लिआँस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने जुलै १९९६ मध्ये दिलेला अहवाल या विषयाच्या अभ्यासकाने मुळातून वाचावा असा आहे.

अग्निबाणाची दिशा व वेग मोजणारी निरूढी (जडत्व) संदर्भ प्रणाली एरियान ४ वरून जवळजवळ जशीच्या तशी घेतलेली होती. तीत आडव्या दिशेतील वेगाशी संबंधित अशी एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतरित केली जाई. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. संख्या मर्यादेबाहेर गेल्यास काय करावे, याची तरतूद करावयाची झाल्यास संगणकावरील भार वाढतो. तो ८० टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे ठरलेले होते. म्हणून धोका संभवणाऱ्या सात राशींपैकी चार राशींना संरक्षण देण्यात आले व तीन तशाच ठेवण्यात आल्या. त्या तीन राशी भौतिक कारणांनी मर्यादेत राहतील किंवा मर्यादेपासून पुष्कळ दूर राहतील, असा त्यामागे विचार होता. एरियान ४ च्या बाबतीत तो बरोबरही होता. एरियान ५ चा आडवा वेग मात्र पाचपट शीघ्रतेने वाढत असे.

विशेष असे की, हे रूपांतर ज्या कामासाठी होत होते त्याची उड्डाणानंतर एरियान ५ ला गरजच नव्हती. उड्डाणापूर्वी उपकरण सुस्थिर करण्याचे ते काम होते. अखेरच्या क्षणी उड्डाण थांबवावे लागल्यास पुन्हा लवकर सिद्धता व्हावी, म्हणून जुन्या अग्निबाणांत ते उड्डाणानंतरही काही सेकंद चालू ठेवीत. एरियान ५ ची पूर्वतयारी निराळ्या क्रमाने होत असूनही, चांगल्या चाललेल्या आज्ञावलीत बदल नको, या समजुतीने ते तसेच राहू दिले. संख्या मर्यादेबाहेर जाताच प्रथम राखीव व लगेच मुख्य उपकरण बंद पडले. दोन्हींवर एकच आज्ञावली असल्याने राखीव उपकरणाचा उपयोग झाला नाही. बंद पडताना मुख्य उपकरणाने पाठविलेला दोषसूचक संकेत हीच उड्डाणाची माहिती आहे असे समजून नियंत्रक संगणकाने ज्वालानलिका कमाल कोनात वळविल्या.

तीन राशी असंरक्षित ठेवण्याचा निर्णय कोणी लपविला नव्हता. तो संबंधित संस्थांनी मिळून घेतला होता. परंतु त्याच्या समर्थनाचा उल्लेख मूळ आज्ञावलीत जागच्या जागी नव्हता आणि कागदपत्रांच्या राशीत ते गृहीत बाहेरच्या परीक्षकांच्या नजरेआड झाले, हेतुपुरस्सर नव्हे, असे मंडळाने नमूद केले आहे. एरियान ५ च्या मार्गाची आकडेवारी या उपकरणाच्या आवश्यकतापत्रात समाविष्ट करू नये, हेही संमतीनेच ठरले होते. आज्ञावली बदलली नव्हती. ती ज्यात बसविली ती संरचना बदलली होती आणि कोणत्या अटीवर ती आज्ञावली बरोबर आहे, हे कोणी विचारले नाही. समर्थनाच्या कागदपत्रांकडे आज्ञांइतकेच लक्ष द्यावे व आज्ञा आणि त्यांची समर्थने यांत मेळ राखण्याची पद्धती सुधारावी, अशी शिफारस मंडळाने केली. क्लस्टर उपग्रह पुन्हा तयार करून २००० मध्ये सोयूझ अग्निबाणांनी सोडण्यात आले.

न पोहोचलेल्या सूचना : नाइट कॅपिटल या अमेरिकी रोखे-व्यवहार संस्थेत १ ऑगस्ट २०१२ रोजी घडलेला प्रकार निराळ्या जातीचा आहे. तेथील नव्या आज्ञावलीत एक खूण वापरावयाची होती. तीच खूण पूर्वी दुसऱ्या एका सुविधेसाठी होती. ती सुविधा २००३ पासून वापरात नव्हती, पण तिच्या आज्ञा काढून टाकलेल्या नव्हत्या. शिवाय मागणी पूर्ण झाली की थांबावे, याची मोजदाद करणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलविल्यामुळे तिची थांबण्याची शक्ती गेली होती. आठ सर्व्हरांपैकी एकावर नवी आज्ञावली चढवावयाची राहिली. बाजार उघडताच त्या सर्व्हरावरील जुनी सुविधा जागी झाली व २१२ किरकोळ मागण्यांपोटी सु. ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले. संस्थेचे नुकसान ४६ कोटी डॉलरांहून जास्त होते. त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने त्या जुन्या सुविधेचे नाव असलेले ९७ ई-मेल संदेश संस्थेतील लोकांना आपोआप पाठविले होते. ते धोक्याची सूचना म्हणून योजलेले नसल्याने त्यांवर कोणी कृती केली नाही. चढविण्याच्या कामाची दुसऱ्या तंत्रज्ञाने फेरतपासणी करावी, असा लेखी नियमही तेथे नव्हता, असे अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाच्या २०१३ च्या आदेशात म्हटले आहे.

क्रमांकित नोंदींची परंपरा : बदल जाहीर करण्याची आजवरची सर्वांत दीर्घायुषी पद्धती आंतरजालाच्या, म्हणजे इंटरनेटच्या, इतिहासात सापडते. आर्पानेट या संगणकजालाचे काम चालू असताना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स येथील शाखेतील विद्यार्थी स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी एक टिपण प्रसृत केले. आपण अधिकारवाणीने बोलतो आहोत असे कोणाला वाटू नये म्हणून त्याला ‘अभिप्रायार्थ विनंती’ अशा अर्थाचे नम्र नाव दिले होते. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ही टिपणे आरएफसी म्हणून ओळखली जातात व त्यांची संख्या आता नऊ हजारांवर गेली आहे. एकदा प्रसिद्ध झालेले टिपण पुन्हा कधीही बदलत नाहीत, हा या मालिकेचा कणा होय. बदल करावयाचा असल्यास नवे टिपण नव्या क्रमांकाने निघते आणि ते कोणत्या जुन्या टिपणाला रद्द करते किंवा दुरुस्त करते, हे त्याच्या शीर्षभागी छापलेले असते. रद्द झालेले टिपणही संग्रहात राहते. अनेक वर्षे या मालिकेचे संपादन जॉन पोस्टेल (१९४३–९८) यांनी केले.

या पद्धतीची मोठी कसोटी आर्पानेटवरील एनसीपी हा जुना संदेशवहन-संकेत टाकून टीसीपी/आयपी स्वीकारताना लागली. नोव्हेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांनी क्रमांक ८०१ च्या टिपणात स्थित्यंतराची योजना मांडली. १९८२ हे वर्ष दोन्ही संकेत जोडीने चालविण्याचे होते व १ जानेवारी १९८३ ही बदलाची तारीख होती. वर्षभराची मुदत आणि लेखी योजना असूनही सर्वांनी ती मनावर घेतली नव्हती. तेव्हा १९८२ च्या मध्यास एक दिवस, पुढे शरद ऋतूत दोन दिवस, जुना संकेत मुद्दाम बंद ठेवण्यात आला. वाचून जे पटत नव्हते ते संदेश खोळंबताच पटले, असे म्हणावयास हरकत नाही.

पायथन या संगणकीय भाषेतील सुधारणांच्या प्रस्तावांची मालिका २००० मध्ये याच वळणावर सुरू झाली. तीत नामंजूर झालेले प्रस्तावही कारणांसह जपून ठेवतात. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचविलेली निर्णयनोंद हे त्याच कल्पनेचे एका प्रकल्पापुरते लहान रूप होय. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासाठी एक-दोन पानांची नोंद करावयाची. तीत परिस्थिती, निर्णय, त्याची सद्यःस्थिती व परिणाम, अनिष्ट परिणामांसह, लिहावयाचे. नोंदींना क्रमांक द्यावयाचा आणि त्या आज्ञावलीबरोबर एकाच संग्रहात ठेवावयाच्या. निर्णय फिरला तर जुनी नोंद पुसत नाहीत, तिच्यापुढे ‘अमुक क्रमांकाने रद्द’ एवढे लिहितात. गावातील तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीशी परिचित असलेल्या वाचकाला यात अपरिचित असे काही वाटणार नाही. नोंद संक्षिप्त असल्यामुळे ती लिहिली जाते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. कोणता निर्णय महत्त्वाचा हे घेतेवेळी नेहमीच ओळखता येत नाही, ही तिची मर्यादा.

नोंदीवाचून वाचन : जेथे अशा नोंदी नव्हत्या तेथे काय करावे लागते, हे इ. स. २००० च्या वर्षांक-समस्येने दाखविले. स्मृतिस्थानाची बचत व्हावी म्हणून जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहीत. त्या काळी तो निर्णय सकारण होता, परंतु तो ज्या ज्या ठिकाणी गृहीत धरला होता त्यांची यादी बहुधा कोठेही नव्हती. १९९० नंतरच्या दशकात भारतीय कंपन्यांतील, मुंबई-पुण्याच्या कंपन्यांसह, असंख्य तंत्रज्ञांनी अमेरिका व यूरोपमधील बँका आणि विमा कंपन्या यांच्या कोबोल भाषेतील आज्ञावल्या ओळ न् ओळ वाचून या जागा शोधल्या. ज्यांनी मूळ रचना केली ते पुष्कळदा निवृत्त झालेले होते. हे काम कंटाळवाणे म्हणून हिणविले गेले. वस्तुतः हरवलेले निर्णय आज्ञांवरून पुन्हा उभे करण्याचे ते अवघड काम होते आणि भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या वाढीस त्याचा मोठा हातभार लागला.

आकृत्या व मानके : संरचना आकृतीने दाखविण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. एकाच आकृतीत सर्व दाखविण्याचा मोह मात्र घातक ठरतो. फिलिप क्रुश्टेन यांनी १९९५ मध्ये चार निरनिराळी दर्शने व त्यांना जोडणारे उपयोग-प्रसंग अशी मांडणी सुचविली. सायमन ब्राउन यांच्या पद्धतीत नकाशाप्रमाणे चार पातळ्यांवर तपशील वाढत जातो. आकृती काढणे सोपे व ती अद्ययावत ठेवणे कष्टाचे असल्याने हल्ली काही ठिकाणी आकृती मजकुराच्या रूपात लिहून आज्ञांबरोबरच तपासली जाते. घटकांमधील निषिद्ध संबंध निर्माण झाल्यास आपोआप इशारा देणाऱ्या चाचण्याही वापरात आहेत. नियम मोडला एवढे त्या सांगतात; तो नियम आता ठेवावा की सोडावा हे ठरविण्यासाठी मूळ नोंदीकडेच जावे लागते. संरचनेच्या वर्णनासाठी अमेरिकेत २००० मध्ये आयट्रिपलई १४७१ हे मानक प्रसिद्ध झाले. त्यातून पुढे २०११ मध्ये आयएसओ/आयईसी/आयट्रिपलई ४२०१० हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले व त्याची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. संरचनेविषयी कोणाला कोणती चिंता आहे ते प्रथम नोंदवावे, त्यानुसार दर्शने निवडावीत आणि मुख्य निर्णयांची कारणमीमांसा वर्णनात समाविष्ट करावी, अशी या मानकाची अपेक्षा आहे.